मैत्री, पण चारित्र्याचा दाखला बघून

एकटी मुलगी शहरात खोली शोधायला गेली की भाड्याच्या आधी तिच्या चारित्र्याची चौकशी होते. ही खोड जुनीच आहे.

१ जानेवारी १८७५ ला इंग्लंडमध्ये मेरी टाउनसेंड यांनी 'गर्ल्स फ्रेंडली सोसायटी' सुरू केली. खेड्यातून शहरात घरकामाला येणाऱ्या पोरी एकाकी पडायच्या. त्यांना आधार द्यायचा, हा हेतू. चर्च ऑफ इंग्लंडमधल्या सधन बायका 'असोसिएट', कामकरी मुली 'मेंबर'. राहायला लॉज, नोकरी शोधायला मदत. १८७७ मध्ये हे काम अमेरिकेत लॉवेलच्या गिरणीतल्या मुलींपर्यंत पोचलं.

पण एक नियम होता. जिचं चारित्र्य 'निष्कलंक', तीच मेंबर. पाय घसरला की सभासदत्व गेलं! १८८० च्या सुमारास यावरून आतच वाद झाला, तरी नियम टिकला. मला खटकतं ते हेच. जिला मैत्रिणीची सगळ्यात जास्त गरज, तिलाच दार बंद.

त्याच दशकात पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये होत्या. फुलहॅमला 'पतित' म्हणवल्या गेलेल्या स्त्रियांना मायेनं सांभाळणाऱ्या सिस्टर्स त्यांनी पाहिल्या आणि त्या हेलावल्या. चर्च तेच, दार मात्र उघडं. पुढे केडगावात रमाबाईंनी अशाच बायकांसाठी कृपासदन काढलं.

सोसायटी वाईट होती असं मी म्हणत नाही. कितीतरी मुलींना तिनं छप्पर दिलं. पण आपल्या गावात नोकरदार महिलांचं वसतिगृह मागताना त्याची नियमावलीही वाचा मंडळी. गरज बघून खोली देणार, की दाखला बघून?