आजीच्या शब्दाचा मान

उत्तर जपानच्या मूळनिवासी ऐनूंच्या गावाचा मुखिया पुरुष असे, देवांपुढची मुख्य प्रार्थनाही पुरुषांची. मग आजीला मान कशाचा, ही शंका रास्त आहे. होक्काइदोतल्या मोनाशिनोउकु आजींकडे पाहिलं की उत्तर मिळतं. लिपी नसलेल्या त्या समाजाच्या गाथा त्यांना मुखोद्गत होत्या. १८९९च्या जपानी कायद्याने ऐनूंना शेतकरी बनवायचा घाट घातला, शाळांनी जपानी लादली. मुखियांची सत्ता ओसरली. आगटीभोवती गायलेलं मात्र टिकलं. याच आजींच्या गाथा ऐकत वाढलेल्या त्यांच्या नातीने, चिरी युकिएने, १३ देवगाथा रोमन लिपीत उतरवून जपानीत आणल्या. १९२२ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी ती गेली, पुस्तक १९२३ मध्ये निघालं. श्रेय तिला प्रोत्साहन देणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ किंदाइचींचं, असं कुणी म्हणेल. पण लिहून घेणाऱ्याआधी सांगणारं कुणी लागतं. आजींचा अधिकार पदाचा नव्हता, पाठांतराचा होता. म्हणूनच तो कायद्याला काढून घेता आला नाही.