हेडफोनमधली गिटार : एका सरावयंत्राचा इतिहास

विद्युत गिटारचा आवाज गिटारमध्ये पूर्ण तयार होत नाही, ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय हेडफोनवर चालणाऱ्या सरावयंत्रांचा इतिहास नीट उलगडत नाही. १९३०च्या दशकाच्या आरंभी जॉर्ज बीचम आणि अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर यांनी लॉस एंजेलिसमध्ये जी पहिली यशस्वी विद्युत गिटार घडवली, तिच्यात पोलादी तारांजवळ लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसवलेले होते. तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात अतिशय क्षीण वीज निर्माण होते. या भागाला 'पिकअप' म्हणतात. ही क्षीण वीज ध्वनिवर्धकात, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मोठी होते, तेथून स्पीकरच्या कागदी शंकूपर्यंत पोहोचते आणि मगच कानांना ऐकू येणारा आवाज होते. या प्रवासात ध्वनिवर्धक आणि स्पीकर हे नुसते वाहक राहत नाहीत, ते आवाजाला रंग देतात, म्हणून ते वाद्याचेच अवयव मानावे लागतात.

१९६०च्या दशकात हे अवयव फार मोठे झाले. लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी १९६५च्या सुमारास 'द हू' या वाद्यवृंदासाठी १०० वॉटचे ध्वनिवर्धक आणि माणसाच्या उंचीच्या स्पीकर-पेट्या बनवल्या. निर्वात नळ्यांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक त्याच्या क्षमतेपलीकडे ताणला की लहरींची टोके छाटली जातात, सूर भरडा आणि दाट होतो आणि एकदा छेडलेला स्वर बराच वेळ टिकून राहतो. या विकृतीला वादक 'डिस्टॉर्शन' म्हणतात, आणि रॉक संगीताच्या एका पिढीने तिलाच गिटारचा खरा आवाज मानले. अडचण अशी, की हा आवाज यंत्र पूर्ण ताकदीने चालवल्याशिवाय मिळत नसे. घरी बसून हळू आवाजात सराव करणाऱ्याच्या हाती जे लागे ते वेगळ्याच वाद्याचे वाटावे इतके फिके असे.

सोयीचे, लहान ध्वनिवर्धक त्याआधीही निघाले होते. १९६२ साली सीअर्स कंपनीच्या टपालविक्रीच्या सूचीत 'सिल्व्हरटोन' नावाची एक गिटार आली, जिच्या वाहून नेण्याच्या पेटीतच ध्वनिवर्धक आणि स्पीकर बसवलेला होता. कमी पैशांत शिकू पाहणाऱ्या मुलांसाठी ती मोठीच सोय होती. १९७३ साली बाजारात आलेला 'पिगनोज' त्याच्याही पुढे गेला : ५ वॉटचा, ६ पेन्सिल सेलांवर चालणारा, डुकराच्या नाकाच्या आकाराची एकच कळ असलेला हा डबा अंगणात, बसमध्ये, हॉटेलच्या खोलीत कोठेही नेता येई, आणि त्याचे झाकण कमीजास्त उघडून आवाजाचा पोत बदलता येई. त्याच्या जनकांपैकी रिचर्ड एडलंड हे पुढे 'स्टार वॉर्स' चित्रपटाच्या दृश्यचमत्कारांसाठी विख्यात झाले. तरीही पिगनोजने प्रश्नाचा निम्माच भाग सोडवला, कारण तो आवाज लहान करीत होता, पण खाजगी करीत नव्हता.

खाजगी ऐकण्याचे साधन मात्र केव्हाच तयार होते. नॅथॅनिएल बाल्डविन यांनी युटामध्ये बनवलेले हेडफोन १९१०च्या सुमारास अमेरिकेच्या नौदलाने बिनतारी संदेशांसाठी घेतले होते. जॉन कॉस यांनी १९५८ साली मिलवॉकी येथे स्टीरिओ संगीतासाठी हेडफोन काढले. आणि १९७९ साली जपानच्या सोनी कंपनीने 'वॉकमन' बरोबर सुमारे ५० ग्रॅम वजनाचे, कानांवर स्पंजाच्या गाद्या टेकवणारे हेडफोन देऊन चालताफिरता एकट्याने संगीत ऐकण्याची सवय जगाला लावली. मग गिटारला हेडफोन जोडले की काम भागले, असे वरवर पाहता वाटेल. तसे ते भागत नाही. पिकअपला पुढच्या यंत्राकडून सुमारे १० लाख ओहमचा विद्युत्‌विरोध अपेक्षित असतो, तर हेडफोनचा विरोध अनेकदा ३२ ओहमच्या घरात असतो. अशी थेट जोडणी केली तर आवाज जवळजवळ उमटतच नाही. मध्ये साधा ध्वनिवर्धक घातला तर आवाज येतो, पण डिस्टॉर्शन चालू करताच तो कानाला मधमाशीच्या गुणगुणीसारखा कर्कश लागतो. कारण गिटारच्या पेटीतला १२ इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्‌झच्या वरच्या कंपनसंख्या जवळपास गाळून टाकतो, आणि हेडफोन मात्र २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे सारे काही प्रामाणिकपणे कानात ओततात. स्पीकरची मर्यादा हाच गिटारच्या आवाजाचा गुण होता, आणि हेडफोनमध्ये तो गुण मुद्दाम घडवावा लागणार होता.

हे काम टॉम शोल्झ यांनी केले. १९४७ साली ओहायो राज्यातल्या टोलीडो येथे जन्मलेले शोल्झ मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतून यंत्र-अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन पोलरॉइड कंपनीत नोकरीला लागले, आणि नोकरी सांभाळून घराच्या तळघरात स्वतः जमवलेल्या यंत्रांवर गाणी ध्वनिमुद्रित करीत राहिले. त्या तळघरातल्या मुद्रणांतूनच 'बॉस्टन' या वाद्यवृंदाचा १९७६ सालचा पहिला अल्बम उभा राहिला, ज्याच्या एकट्या अमेरिकेत १ कोटी ७० लाख प्रती खपल्या. शोल्झ यांचे मोठेपण केवळ या यशात शोधू नये. घरात, शेजाऱ्यांच्या सान्निध्यात, मोठ्या रंगमंचाचा आवाज कसा मिळवायचा हा प्रश्न त्यांनी स्वतः वर्षानुवर्षे सोसला होता, आणि तो सोडवण्यासाठी लागणारे शिक्षणही त्यांच्यापाशी होते. १९८० साली त्यांनी स्वतःची संशोधन कंपनी काढली. तिचे पहिले उत्पादन 'पॉवर सोक' हे ध्वनिवर्धक आणि स्पीकर यांच्यामध्ये बसून जास्तीची शक्ती उष्णतेच्या रूपात जिरवणारे यंत्र होते, जेणेकरून नळ्या पूर्ण ताणल्या जाव्यात पण आवाज कमी राहावा.

त्यानंतर १९८२ साली आलेल्या 'रॉकमन'मध्ये शोल्झ यांनी ध्वनिवर्धकच काढून टाकला. वॉकमनच्या नावाशी आणि बांध्याशी उघड नाते सांगणारी, कमरेच्या पट्ट्याला अडकवता येणारी ही डबी ८ पेन्सिल सेलांवर चाले. तिच्यावर गोल कळांऐवजी सरकत्या कळा होत्या : दोन स्वच्छ आवाज, एक किंचित भरडा आणि एक पूर्ण डिस्टॉर्शनचा, असे चार ठरावीक पर्याय, आणि जोडीला 'कोरस' व प्रतिध्वनी. आत सिग्नल आधी दाबून समतल केला जाई, जेणेकरून हळू आणि जोरात छेडलेल्या स्वरांतले अंतर कमी होऊन सूर लांबत जावा. मग त्याची टोके छाटली जात. आणि शेवटी गाळणीच्या मंडलांतून त्याला स्पीकर-पेटीचा आकार दिला जाई. कोरससाठी, म्हणजे एकच वाद्य जणू दोघे किंचित मागेपुढे वाजवीत आहेत असा भास निर्माण करण्यासाठी, 'बकेट ब्रिगेड' पद्धतीची चिप वापरलेली होती. फिलिप्स कंपनीच्या संशोधकांनी १९६९ साली मांडलेल्या या रचनेत विद्युत्‌भाराचे तुकडे एका धारित्रातून पुढच्या धारित्रात, आग विझवणाऱ्यांच्या रांगेत हातोहात बादल्या पुढे जाव्यात तसे, सरकत जातात आणि त्यामुळे आवाज काही सहस्रांश सेकंद उशिरा बाहेर पडतो. मूळ आवाज एका कानात आणि हा उशिराचा आवाज दुसऱ्या कानात सोडला की डोक्याच्या मधोमध कोंडलेली गिटार एकाएकी प्रशस्त दालनात वाजू लागते. हेडफोनवरच्या सरावाचा कोरडेपणा घालवणारी युक्ती म्हणून हिचे महत्त्व डिस्टॉर्शनपेक्षा कमी नाही.

भारतीय संगीताच्या अभ्यासकाला सरावयंत्र म्हटले की इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा तबल्याची पेटी आठवेल. दोन्हींमधला भेद मूलभूत आहे : तानपुऱ्याचे यंत्र गायकाला साथ पुरवते, गळा त्याचा त्याच्यापाशी असतोच, रॉकमन मात्र वादकाला त्याच्या वाद्याचा गळाच पुरवतो.

एकट्याच्या सरावासाठी बनवलेली ही डबी लवकरच मोठ्या स्टुडिओंमध्ये शिरली, आणि या इतिहासातला सर्वांत लक्षणीय भाग हाच आहे. तिचा आवाज आधीच गाळलेला, मध्यम कंपनसंख्यांवर एकवटलेला आणि खोलीच्या प्रतिध्वनीपासून मुक्त असल्यामुळे मायक्रोफोन न लावता तो थेट मुद्रणयंत्राला जोडता येई आणि अशा आवाजांचे अनेक थर एकमेकांवर रचले तरी गोंधळ होत नसे. 'डेफ लेपर्ड' या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या १९८७ सालच्या 'हिस्टीरिया' अल्बममध्ये निर्माते मट लँग यांनी गिटारींसाठी रॉकमनचा विस्तृत वापर केला, आणि त्या दशकातल्या रॉक संगीताचा गुळगुळीत, चकचकीत पोत बऱ्याच अंशी त्यातून ठरला. त्या पोतावर कृत्रिमपणाची टीका झाली, आणि ती निराधार नाही. चार ठरावीक पर्यायांमुळे वेगवेगळ्या वादकांचे आवाज एकसारखे होऊ लागले होते. परंतु कमरेला लावायच्या एका डबीने ध्वनिमुद्रणाची शैली बदलावी, ही घटना तंत्राच्या इतिहासात दुर्मीळ आहे.

बास गिटारची कथा निराळी आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. लिओ फेंडर यांनी १९५१ साली 'प्रिसिजन बास' आणली. तिची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, आणि या स्वराच्या एका लहरीची लांबी हवेत ८ मीटरांहून अधिक, म्हणजे सुमारे २७ फूट भरते. इतकी लांब लहर भिंतींना जुमानत नाही, म्हणून शेजाऱ्याची पहिली तक्रार नेहमी बासवादकाविरुद्ध येते. आणि इतका खालचा स्वर हलवायला लागणारी हवा लहान स्पीकर हलवू शकत नाही, म्हणून पिगनोजसारखा डबा बासवादकाच्या उपयोगाचा नाही. दुसऱ्या बाजूने, बासला ध्वनिवर्धकाच्या रंगाची गरज गिटारइतकी नसते. डेट्रॉइटमधल्या मोटाउन कंपनीच्या स्टुडिओत १९६०च्या दशकात जेम्स जेमरसन यांची बास ध्वनिवर्धक वगळून थेट मुद्रणयंत्राला जोडली जाई, आणि तो आवाज आजही आदर्श मानला जातो. म्हणजे हेडफोनचा खरा लाभार्थी बासवादकच होता : कान झाकणाऱ्या गादीच्या आतली इवलीशी हवा हलवायला अगदी लहान पडदाही पुरतो, आणि जो स्वर खोलीत उमटत नाही तो कानात स्वच्छ उमटतो. शोल्झ यांनी बासचा स्वतंत्र रॉकमन काढलाही. परंतु वॉकमनच्या वळणाच्या उघड्या, स्पंजाच्या हेडफोनमधून खालचे स्वर निसटून जात. कान पूर्ण बंद करणारे हेडफोन स्वस्त होईपर्यंत बासवादकाला अर्धेच वाद्य ऐकू येत राहिले.

पुढच्या काळात मंडलांची जागा आकडेमोडीने घेतली. जपानच्या झूम कंपनीने १९९०च्या सुमारास गिटारच्या पट्ट्याला अडकवता येणारे अंकीय यंत्र काढले. अमेरिकेच्या लाइन सिक्स कंपनीने १९९८ साली आणलेल्या 'पॉड'ने जुन्या नामांकित ध्वनिवर्धकांची गणिती प्रतिकृती करण्याची पद्धत रूढ केली. व्हॉक्स कंपनीचा २००७ सालचा 'अ‍ॅम्पप्लग' मात्र जाणीवपूर्वक साधा राहिला : काडेपेटीहून थोडा मोठा, गिटारच्या छिद्रात सरळ खोचायचा, मधली वायर नाहीच, २ लहान सेल आणि गिटारच्या प्रत्येक शैलीसाठी व बाससाठी वेगळा नमुना. शिकणाऱ्यांच्या हाती सर्वांत सहज पोहोचलेल्या यंत्रांत त्याची गणना करावी लागेल.

बिनतारी हेडफोनांनी एक नवीच अडचण उभी केली. सामान्य ब्लूटूथमध्ये आवाज पोहोचायला १०० ते २०० सहस्रांश सेकंद लागतात. गाणे ऐकताना हे जाणवत नाही, पण ध्वनी हवेत या वेळात ३४ ते ६८ मीटर जातो, म्हणजे वादकाला आपली तार मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून ऐकू येत असल्यासारखे होते आणि ताल धरणे अशक्य बनते. म्हणून फेंडरच्या २०२१ सालच्या 'मस्टँग मायक्रो'मध्ये साथीचे गाणे तेवढे ब्लूटूथवरून येते आणि हेडफोन वायरनेच जोडावे लागतात. बॉस कंपनीच्या 'वाझा-एअर'ने स्वतःची वेगवान बिनतारी जोडणी वापरली, आणि मान वळवली तरी ध्वनिवर्धक खोलीत जागच्या जागी असल्याचा भास टिकावा म्हणून हेडफोनमध्ये दिशादर्शक संवेदक बसवला.

शोल्झ यांनी १९९५ साली रॉकमनचा व्यवसाय कॅलिफोर्नियाच्या डनलॉप कंपनीला विकला. त्याच कंपनीने २०२५ साली रॉकमनचे मंडल पुन्हा बाजारात आणले, ते मात्र कमरेच्या डबीच्या नव्हे, तर रंगमंचावर पायाने दाबायच्या पेडलच्या रूपात.