तालुक्याच्या टेबलापर्यंत

वऱ्हाडातला जुना वाशिम जिल्हा 1905 मध्ये मोडला आणि त्याचा बराचसा भाग अकोल्यात गेला. तो पुन्हा स्वतंत्र व्हायला 1 जुलै 1998 उजाडावा लागला. मोफत कायदेशीर मदतीची वाटचालही अशीच रखडत झाली. मुंबईत 1924 साली लीगल एड सोसायटी निघाली. 1949 मध्ये नेमलेल्या न्या. एन. एच. भगवती समितीने अहवाल दिला, तो बहुतांशी कागदावरच राहिला. 1978 च्या होसकोट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला बजावले की, ऐपत नसलेल्या कैद्याला वकील मिळालाच पाहिजे. 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदासुद्धा अमलात आला तो 9 नोव्हेंबर 1995 रोजी.

त्या कायद्याने उभ्या केलेल्या साखळीतले जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आज वाशिमला आहे, खाली तालुका समित्या. रिसोडची किंवा मानोऱ्याची बाई अर्ज घेऊन आली, तर तिचे उत्पन्न विचारायचे नाही. बाई असणे हीच पात्रता. आदिवासी, अनुसूचित जाती, अपंग, कोठडीतला माणूस यांनाही हेच लागू. अडते ते पुढेच. पॅनेलवरचा वकील मिळतो, पण तारखेला गाडीभाडे काढून यायचे, त्या दिवसाची मजुरी बुडवायची, हे अशिलाच्याच माथी.

खटले तडजोडीने मिटवणाऱ्या राष्ट्रीय लोक अदालतीच्या दिवशी टेबलाच्या एका बाजूला न्यायाधीश, वकील, समाजसेवक. समोर बँकेचा माणूस आणि थकबाकीदार. व्याज किती सोडणार, हप्ते किती, एवढीच घासाघीस. जमले की सह्या-अंगठे. निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ मिळते, भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि अपील बंद. वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्याला ही सुटका वाटते. पण वकिलाशिवाय आलेल्याला तो कशावर अंगठा देतोय, हे आधी समजावून सांगितले पाहिजे. निकाली प्रकरणांचे आकडे मिरवण्यापेक्षा ते मोलाचे.

भारताने आपला न्यायदानाचा अनुभव देशाबाहेरही नेऊ पाहिला. 2017 मध्ये बांगलादेशाच्या 1,500 न्यायिक अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा करार झाला, मुख्य केंद्र भोपाळची राष्ट्रीय न्यायिक अकादमी. 2025 च्या सुरुवातीला संबंध ताणलेले असताना ढाक्याने 50 न्यायाधीशांचे प्रशिक्षण रद्द केले. असे पाहुणे पुन्हा आले, तर त्यांना व्याख्याने झाल्यावर एक दिवस मानोऱ्यासारख्या तालुक्यातही न्यावे, आणि तोही लोक अदालत नसलेला, साधा तारखेचा.