वकिलांचे निरंतर विधिशिक्षण, नागपूर
सनद मिळाल्यानंतर वकिलाचे कायदेविषयक ज्ञान अद्ययावत ठेवणारे शिक्षण. अधिवक्ता अधिनियम, १९६१ यात १९७३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने परिसंवाद व व्याख्याने भरविण्याचे काम राज्य विधिज्ञ परिषदांकडे आले; परंतु अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने १९७५ मध्ये घातली तशी सक्ती भारतात नाही. ही उणीवच म्हटली पाहिजे.

नागपुरात गरज वारंवार भासली. येथील उच्च न्यायालय (स्थापना १९३६) १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत संपुष्टात आले व सदरलगतच्या सिव्हिल लाइन्समधील त्याच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले. १९५८ मध्ये विदर्भ व कच्छ या भागांसाठी स्वतंत्र कूळकायदा आला. हे सारे वकील ज्येष्ठांच्या कचेरीत आणि वि. वि. चितळे यांनी उभारलेल्या, नागपुरातूनच निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टर या निर्णयपत्रिकेतून शिकले.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. तत्पूर्वीच्या गुन्ह्यांस जुनी दंड संहिताच लागू असल्याने दोन्ही संहिता एकाच वेळी जाणणे प्राप्त आहे. खुनाच्या शिक्षेचे जुने कलम ३०२ आता १०३ झाले असून, नव्या संहितेतील कलम ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दोच्चारांविषयी आहे.