तळणी, १८९८ : दीड इंची भिंग, हौशी वर्णपटमापक आणि दोन मिनिटांचा अंधार

#थ्रेड

धामणगाव सोडून गाडी पुलगावकडे निघाली की वाटेत तळणी नावाचे लहानसे स्थानक लागते. मुंबई-नागपूर मार्गावरच्या बहुतेक प्रवाशांच्या ते लक्षातही येत नाही. २२ जानेवारी १८९८ रोजी मात्र अमरावती जिल्ह्यातील याच ठिकाणी सूर्याची अशी काही छायाचित्रे घेतली गेली, ज्यांचा उल्लेख सौरभौतिकीच्या इतिहासात आजही होतो. ती घेणाऱ्यांपैकी दोघे त्या वेळी कोणत्याही वेधशाळेच्या पगारावर नव्हते.

खग्रास सूर्यग्रहण हे या थ्रेडचे निमित्त आहे. खरा विषय उपकरणांचा आहे. पैसा मोजका असताना हौशी माणसाने कोणते यंत्र निवडावे? आज अकोल्यात किंवा अमरावतीत रेडिओचा छंद असलेला एखादा तरुण आपल्या टेबलासाठी वापरलेला, परवडणारा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर शोधत असेल, तर तोही याच प्रश्नाशी झुंजत असतो. तो रेडिओलहरी कंप्रतेनुसार वेगळ्या करतो. तळणीला आलेली मंडळी प्रकाशाचे तेच करत होती.

आधी भूगोल. ग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावर उतरून सोलापूर जिल्ह्यातील जेऊर, मग वऱ्हाडचा पूर्व भाग आणि पुलगाव असा तिरपा प्रवास करत बिहारमधील बक्सरपर्यंत गेली. खग्रासपट्टा शंभर किलोमीटरपेक्षा अरुंद होता. अकोला त्याच्या बाहेर राहिले, तिथे ग्रहण खंडग्रासच दिसले. पण १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेला लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून थेट पट्ट्याच्या मध्याजवळ जात होता. नाजूक काचसामान नेणाऱ्यांना रेल्वेस्थानक हे ठिकाण निवडण्याचे मोठे कारण असते.

काळ मात्र सुखाचा नव्हता. मुंबईत १८९६ पासून प्लेग होता, नुकताच दुष्काळ सरला होता आणि त्याहून भीषण दुष्काळ १८९९ मध्ये यायचा होता. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे आणि कारभारात इंग्रजांचे होते. वर्धा नदी ओलांडली की मध्य प्रांत लागे. नदीपलीकडे पुलगावला कॅप्टन हिल्स आणि न्यूऑल यांचा अधिकृत मोहिमेचा तळ होता. अलीकडे तळणीला ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचा. ही संस्था १८९० मध्ये हौशी निरीक्षकांसाठी स्थापन झाली होती आणि तिचे दार स्त्रियांसाठीही उघडे होते. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने स्त्रियांना सदस्यत्व दिले ते १९१६ मध्ये.

तळणीच्या तळावर जॉन एव्हरशेड होते. पोटासाठी लंडनमध्ये नोकरी आणि फावल्या वेळात सरे परगण्यातील केनली येथे स्वतःची छोटी वेधशाळा, असा त्यांचा दिनक्रम. तिथली १८ इंची परावर्ती दुर्बीण त्यांनी विकत घेतलेली नव्हती. ‘नॉलेज’ या मासिकाचे संपादक आर्थर रॅनयार्ड १८९४ मध्ये वारले आणि मृत्युपत्राने ती या तरुण मित्राला देऊन गेले. म्हणजे एका हौशी माणसाचे वापरलेले यंत्र दुसऱ्या हौशी माणसाकडे आले. १८९६ मध्ये एव्हरशेड ग्रहणासाठी नॉर्वेतील वाड्सो येथे गेले होते, पण ढगांनी सूर्यच झाकला. (त्या मोहिमेत त्यांची मेरी ऑर यांच्याशी ओळख झाली आणि पुढे विवाह. ढगाळ ग्रहण अगदीच वाया गेले असे म्हणता येत नाही.)

भारतात त्यांनी आणलेले साधन होते लोलक-कॅमेरा. नेहमीच्या वर्णपटमापकात प्रकाश आधी अरुंद फटीतून जातो. लोलक-कॅमेऱ्यात फट नसते, भिंगापुढे थेट लोलक बसवतात. ग्रहण खग्रास होण्याच्या क्षणी सूर्याची उरलेली बारीक कोरच फटीचे काम करते आणि प्रत्येक रंगरेषेची एकेक चंद्रकोर काचपट्टीवर उमटते. रचना सोपी, प्रकाशाची उधळपट्टी नाही आणि यंत्र स्वस्त. मोठ्या विस्फारणाचे, अनेक लोलकांचे यंत्र रेषा अधिक सुट्या करून दाखवते खरे, पण तोच प्रकाश जास्त जागेवर पसरल्याने फोटोला वेळ अधिक लागतो. सूर्याच्या वर्णावरणाचा तो ‘झळक वर्णपट’ तर काही सेकंदच टिकतो.

एव्हरशेड यांना तळणीला झळक वर्णपटाची उत्तम मालिका मिळाली. हायड्रोजनच्या रेषा जंबुपार बाजूला एकमेकींजवळ सरकत सुमारे ३६४.६ नॅनोमीटरपाशी संपतात. त्या सीमेपलीकडे रेषा नाहीत, पण एक मंद, सलग उजेड आहे, हे त्यांच्या पट्ट्यांवर दिसले. मुक्त इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या केंद्रकाकडून पकडले जातात तेव्हा हा उजेड निघतो. हा अर्थ लागायला १९१३ मधील बोरच्या अणुप्रतिमानापर्यंत थांबावे लागले.

त्याच तळावर अ‍ॅनी माँडर होत्या. माझ्या मते या कथेचे खरे केंद्र त्याच. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकलेल्या अ‍ॅनी वर्षाला ८० पौंडांची शिक्षिकेची नोकरी सोडून १८९१ मध्ये महिना अवघ्या ४ पौंडांवर ग्रिनिच वेधशाळेत गणक झाल्या. १८९५ मध्ये तिथलेच वॉल्टर माँडर यांच्याशी लग्न झाले आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे नोकरी गेली. पुढे गर्टनची फायफर संशोधन शिष्यवृत्ती मिळाली. तिच्यातून त्यांनी डॉलमायर कंपनीचे दीड इंच व्यासाचे, नऊ इंच नाभीय अंतराचे छोटे भिंग घेतले. मूळ हेतू होता आकाशगंगेचे फोटो काढण्याचा.

दीड इंच! मोठ्या दुर्बिणींपुढे हे खेळणेच वाटावे. पण प्रभामंडलासारख्या पसरट, मंद वस्तूच्या फोटोत व्यासापेक्षा नाभीय अंतर आणि व्यास यांचे गुणोत्तर महत्त्वाचे. इथे ते सहा होते, म्हणजे प्रतिमा पुरेशी उजळ. दृष्टिक्षेत्रही विस्तृत होते. लांब नाभीय अंतराच्या यंत्रांत सूर्याजवळचा भाग मोठा आणि सुबक येतो, पण दूरवर गेलेला किरण चौकटीबाहेर राहतो. अ‍ॅनींच्या पट्टीवर प्रभामंडलाचा एक किरण सुमारे ६० लाख मैलांपर्यंत गेलेला दिसला. तोवर इतका लांब किरण कुणीच टिपला नव्हता.

इथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. ‘१८६८ मध्ये लॉकियरने विजयदुर्गावरून हेलियम शोधला’ हे वाक्य दरवर्षी फिरते. १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडातच होते आणि त्यांनी ती पिवळी रेषा २० ऑक्टोबरला तिथूनच, ग्रहणाविना पाहिली. विजयदुर्गाला ते आले १८९८ मध्ये, म्हणजे तळणीच्याच ग्रहणाला. सोबत होते ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेचे खलाशी मदतनीस. एवढा लवाजमा एव्हरशेड किंवा अ‍ॅनी यांच्या वाट्याला येणे शक्य नव्हते.

आता पुन्हा आजच्या टेबलाकडे. जुन्या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरच्या जाहिरातीत पहिला आकडा कमाल कंप्रतेचा असतो आणि नवखा ग्राहक त्यालाच भुलतो. एच.पी. ८५९१ई हे जुने यंत्र ९ किलोहर्ट्‌झ ते १.८ गिगाहर्ट्‌झ पाहते. हौशी रेडिओच्या बहुतेक कामांना ते पुरेसे आहे. विभेदन अर्धे अरुंद केले तर जुन्या यंत्रात एका फेरीला चौपट वेळ लागतो. लोलक वाढवल्यावर लागणारी किंमत तीच, नाव वेगळे. घेण्यापूर्वी ज्ञात कंप्रतेचा आणि ज्ञात पातळीचा संकेत देऊन पाहावा. आधीच्या मालकाने जास्त शक्ती सोडून आतला क्षीणक किंवा मिक्सर जाळला असेल, तर पडदा नीट उजळूनही पातळी खोटी दिसते. ज्यांना तेवढेही परवडत नाही त्यांच्यासाठी २०२० पासून तळहातावर मावणारा टायनीएसए आहे.

त्या ग्रहणातला एक भारतीय वर्णपटतज्ज्ञ जेऊरला होता. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली होती. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि तिची २० इंची दुर्बीण व इतर सामग्री कोडाईकनालला गेली. तिथला संचालक तेव्हा कोण होता? तळणीचे तेच जॉन एव्हरशेड. १९०७ मध्ये ते नोकरी पत्करून भारतात आले होते आणि १९०९ मध्ये त्यांनी सौरडागांतून बाहेर वाहणाऱ्या वायूचा, आज ‘एव्हरशेड परिणाम’ म्हणून ओळखला जाणारा शोध लावला होता. पुण्याची ती वापरलेली दुर्बीण कोडाईकनालला ‘भावनगर दुर्बीण’ या नावाने ओळखली जाऊ लागली.