एक लाल बटण, दोन व्होल्टेज आणि आपली डीपी

मंडळी, साल 1999. अमेरिकेतून सुट्टीला आलेल्या आतेभावाने मंचरला घरी एक जुना कॉम्प्युटर आणला होता. तालुक्यात कॉम्प्युटर तेव्हा मोजक्याच ठिकाणी होते, त्यामुळे बघायला अर्धी आळी जमलेली. वायरीची पिन चपटी, आपल्या बोर्डात बसेना. मी पळत जाऊन अ‍ॅडॅप्टर आणला, पिन बसवली, बटण दाबलं. फाट् करून आवाज, धूर, आणि घरात जळका वास. आत्या म्हणाली, "झालं तुमचं शिक्षण?"

रिपेअरिंगवाल्याने डबा मागून फिरवला आणि एक छोटं लाल बटण दाखवलं. त्यावर 115 असा आकडा होता. "हे 230 वर सरकवायचं होतं, भाऊ." पिन बसली म्हणजे वीज जुळली, असं नसतं. हे त्या दिवशी कळलं.

मग जगात ही दोन विजा का?

1882 मध्ये एडिसनने न्यूयॉर्कला पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं. त्या काळच्या दिव्यांच्या तारेला साधारण 100 व्होल्ट मानवायचे, त्यात वायरीतली घट धरून 110 च्या आसपास दाब ठरला. अमेरिका तिथेच रुळली, आज 120 आहे. पण शहर वाढलं की तांबं जास्त लागतं. 1899 मध्ये बर्लिनच्या वीज कंपनीने दाब दुप्पट करून 220 वर नेला. हिशेब सोपा: तेवढ्याच कामाला दाब दुप्पट तर करंट निम्मा, आणि तीच वायर असेल तर तिच्यातलं नुकसान चौथा हिस्सा. युरोप त्या वाटेने गेला. अमेरिकेत तोवर घरोघरी 110 ची उपकरणं झालेली, ती बदलणार कोण?

जपानची गंमत वेगळीच. टोकियोने जनरेटर जर्मनीहून आणले, ओसाकाने अमेरिकेहून. आजही त्या एका देशात पूर्वेला 50 हर्ट्झ आणि पश्चिमेला 60. 2011 च्या भूकंपानंतर पश्चिमेकडची वीज पूर्वेला हवी तेवढी देता आली नाही, त्याचं एक कारण हेच.

आपल्याकडे मुंबईत 1905 मध्ये वीज आली, 1915 मध्ये खोपोलीच्या पाण्यावर टाटांनी गिरण्या चालवल्या. इंग्रजांच्या राज्यात 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ आणि गोल तीन पिनांचा प्लग आपल्याकडे स्थिरावला. इंग्रजांनी स्वतः 1947 पासून चौकोनी पिनांचा नवा प्लग धरला. आपण मात्र त्यांचा जुना गोल प्लग अजून वापरतोय!

आता त्या लाल बटणाकडे येऊ. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय आलेल्या विजेची आधी सुमारे 325 व्होल्ट डीसी करतो, मग ती 12 आणि 5 व्होल्टवर उतरवतो. बटण 115 वर असेल तर आतलं सर्किट दाब दुप्पट करतं. त्याला आपले 230 दिले की 325 च्या जागी 650 होतात. कपॅसिटर फुटतो तो तिथे.

आजच्या लॅपटॉप चार्जरवर बारीक अक्षरात 100-240 V, 50/60 Hz असं लिहिलेलं असतं. असं लिहिलं असेल तर तो शिकागोत चालेल आणि शिरोली बुद्रुकलाही. फक्त वायर बदला. मिक्सरचं तसं नाही. तिकडचा 120 चा मिक्सर इथे जळतो, इथला तिकडे रडतरडत फिरतो. पोरांकडे जाताना मिक्सर बॅगेत भरणाऱ्या आईवडिलांनी एवढं लक्षात ठेवावं.

आणि वायर बदलताना तिसरी पिन तोडू नका. दोन पिनांचा स्वस्त अ‍ॅडॅप्टर लावला की अर्थिंग जातं. मग कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. पुढे आत काही बिघाड झाला तर त्याच पत्र्यात पूर्ण दाब उतरू शकतो.

आता खरा मुद्दा. जगातल्या कुठल्याही देशाची वीज पचवणारा चार्जर आपल्या गावात का जळतो?

डीपीतून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघते. फेज-न्यूट्रल 230, पण फेज-फेज 400 च्या वर. न्यूट्रलचा जोड ढिला झाला, तुटला, की लोड कमी असलेल्या फेजवरच्या घरांत दाब 400 कडे चढतो. एका घरात बल्ब डिम, शेजारी टीव्हीतून धूर. झेडपीच्या शाळेतले कॉम्प्युटर, ग्रामपंचायतीचा प्रिंटर, दुधाच्या डेअरीचा काटा, सगळं एका मिनिटात जातं. 1956 च्या विद्युत नियमांत घरगुती दाबाला वर-खाली 6 टक्क्यांची मुभा होती, म्हणजे साधारण 216 ते 244. आपापल्या बोर्डात मीटर लावून बघा, संध्याकाळी मोटारी सुरू असताना काय आकडा येतो ते.

आपल्या खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे. आकाशातले अतिक्षीण रेडिओ संदेश ती ऐकते. विजेच्या लाइनवर ढिल्या जोडातून ठिणगी उडाली तर तिलाही त्याचा त्रास होतो. म्हणजे तो ढिला जोड शास्त्रज्ञांचाही शत्रू आणि आपल्या टीव्हीचाही.

म्हणून तीन कामं करा. घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. दिवे एकदम डिम किंवा एकदम लख्ख झाले तर आधी मेन स्विच बंद करा, मग फोन करा. आणि तक्रार तोंडी नको, लेखी द्या, तारीख, वेळ आणि मोजलेल्या व्होल्टेजसह.

आमचा कॉम्प्युटर माझ्या चुकीने जळला, ते मी मान्य करतो. पण शाळेतल्या पोरांचा कॉम्प्युटर जळतो त्यात पोरांची काय चूक?

तुमच्या डीपीची परिस्थिती काय आहे? गावाच्या नावासह खाली लिहा. यादी करून संबंधितांपुढे ठेवू.