मुनेरबीचा मेहबूब

भुईगावात आमचे ख्रिस्ती शेजारी घरी सामवेदी बोलतात, प्रार्थना मराठीत म्हणतात. 'तुमचे मराठी इतके चांगले कसे?' हा प्रश्न त्यांनाही होतो आणि आम्हालाही. त्याची आता सवय झाली आहे. पण उर्दू शाळेतल्या आमच्याच वर्गात एखादा मुलगा 'मराठी तो उनकी जबान है' म्हणतो, तेव्हा मात्र आम्ही पुस्तक मिटून मेहबूब हुसेन पटेल यांची गोष्ट सांगायला घेतो.

मेहबूब म्हणजे शाहीर अमर शेख. जन्म बार्शीचा, २० ऑक्टोबर १९१६. घरी गरिबी. मोटारीवर क्लीनर, मग गिरणीत कामगार. गाण्याचा वारसा मात्र आई मुनेरबीचा. तिच्या ओव्या आणि लोकगीते ऐकतच ते वाढले. पुढे स्वातंत्र्य चळवळ, तुरुंग, कम्युनिस्ट पक्ष. १९४४ साली अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभे राहिले.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊंची मैनेची छक्कड अमर शेखांनी आपल्या पहाडी आवाजाने गाजवली. गावी राहिलेल्या मैनेची ताटातूट आणि तुटलेल्या मुलखाची ताटातूट तिथे एकच होते. त्यात बेळगाव, कारवारबरोबर उंबरगावही येते. उंबरगाव आमच्याच ठाणे जिल्ह्याचा तालुका होता. १९६० साली तो गुजरातेत गेला. पालघर जिल्हा झाल्यावर जन्मलेल्या मुलांना हे नकाशा उघडूनच दाखवावे लागते.

लोकगीताच्या चालीत आजचे दुःख गाणारे बॉब डिलन अमेरिकेत थोर ठरले. २०१६ साली त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले. अमर शेखांच्या जन्मशताब्दीचे वर्षही तेच. आमच्या शाहिराच्या हाती गिटारऐवजी डफ होता, एवढेच. शिवाय ते केवळ गायक नव्हते. 'कलश', 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह. पण आवाजाच्या कीर्तीखाली त्यांच्यातला कवी झाकला गेला, असे आम्हाला वाटते.

२९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात ते गेले. कन्या मलिका अमर शेख यांनीही कविता लिहिली, मराठीतच.

ही गोष्ट ऐकल्यावर गेल्या वर्षी एका मुलीने आजीची जात्यावरची ओवी लिहून आणली. आजी सोलापूरकडची. ओवी अस्सल मराठी होती, लिपी मात्र उर्दू. आम्ही ती उजवीकडून डावीकडे वाचून दाखवली.